बिनखिळ्याची पेटी

"बाई, हे पाने धुऊन दोरीवर वाळत घालता काय तुम्ही?"

सॅम्युएलकाकांनी माझ्या वर्तमानपत्राच्या पुडीतून बाराचा पाना उचलला, नखाने खरवडला आणि नख माझ्यासमोर धरलं. नखाखाली तांबडी भुकटी होती.

"तेल लावलं होतं, काका. पुसून, तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवले होते. तुम्ही सांगितलं होतं तसंच."

"मग गंज काय आकाशातून पडला?"

दोन महिन्यांत गंजापायी ही तिसरी खेप होती. पेणहून गडब, नागोठणे, निडी करत रोह्याला यायचं, काकांच्या शेडमधल्या स्टुलावर बसायचं आणि बोलणी खायची. मी पेणच्या एका शाळेत चोवीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवते. लोखंडाचं गंजणं हा धडा मला झोपेतून उठवलं तरी आकृतीसकट फळ्यावर काढता येतो. काका तो पाना नाचवत होते तेव्हा माझे सगळे आजी-माजी विद्यार्थी पाठीमागे बसून खिदळतायत असं मला वाटलं.

गाडीचं काम घरी करायचं खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं, ते सांगते. एकदा एका गॅरेजवाल्याला मी विचारलं की पुढून कुईकुई आवाज कशाचा येतो. तो म्हणाला, "मॅडम, ते तुम्हाला नाय कळणार." बस्स. मला एखादी गोष्ट कळणार नाही असं कुणी म्हटलं की माझं टाळकं फिरतं. त्याच आठवड्यात मी एकशे आठ नगांचा पान्यांचा संच घरपोच मागवला. आमचे प्राध्यापक, म्हणजे माझे यजमान निमिष, म्हणाले, "एकशे आठ? आता रोज जप करायला बस." पहिल्याच रविवारी मी इंजिनचं तेल काढायच्या बोल्टला त्यातला पाना लावला, जोर केला आणि बोल्टचे कोपरे झिजून तो सुपारीसारखा गोल झाला. पाना हलेना, बोल्ट निघेना. निमिष दारात उभे राहून चहा पीत होते. चहा नको तेवढा सावकाश प्यायले.

शाळेतला शिपाई मोरू म्हणाला, "बाई, रोह्याचे सॅम्युएलकाका काढतील. कंपनीच्या गाड्यांच्या वर्कशॉपात होते. अडतीस वर्षं."

काकांनी तो बोल्ट चार मिनिटांत काढला. मग माझा संच उघडून बघितला आणि झाकण लावून टाकलं.

"यातलं आठ ठेवा. बाकीचं शोकेसात लावा, दिसायला बरं हाय."

"मग काय घेऊ?"

"काय नको. अडेल तेव्हाच घ्या. दहाचा नट अडला, दहाचा पाना घ्या. पण चांगला घ्या. हातात धरून बघा, जबडा नटावर ढिला बसतो काय बघा. नटावर टोपीसारखी बसते ती गोटी घेताना सहा कोपऱ्यांची घ्या. बारा कोपऱ्यांची निसटते, तीच तुमचा बोल्ट खाते. आणि जॅकवर गाडी ठेवून खाली शिरलात तर मी तुमच्याशी बोलणार नाय. आधी दोन घोड्या घ्या, गाडी त्यांच्यावर टेकवा, हलवून बघा, मग शिरा."

मी एकेक करत घेत गेले. पेणच्या हार्डवेअरवाल्याच्या काउंटरवर पाने हातात तोलून बघताना लोक माझ्याकडे बघायचे. मला फार मजा वाटायची. वर्षभरात माझ्याकडे घोड्यांची जोडी आणि सव्वीस नग जमले, आणि त्या सव्वीसांतला प्रत्येक कशासाठी घेतला ते मला आठवत होतं.

काकांची शेड म्हणजे अवघी दहा बाय बारा. समोरच्या भिंतीवर हिरवा फळा, त्यावर खिळे, खिळ्यांवर पाने, पकडी, हातोड्या. प्रत्येकाभोवती पांढऱ्या रंगाने त्याचाच आकार काढलेला. काही बाहेर राहिलं की पांढरी रिकामी जागा लगेच डोळ्यांत भरते. वर्कशॉपातला कुणी एकदा इंजिनवर पाना विसरला, पंखा फुटला, तेव्हापासूनची ही सवय. आणि शुक्रवारी दुपारी सगळं खाली काढायचं, पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा, परत लावायचं. सूर्य बुडायच्या आत हात धुवायचे. काका कोकणातले ज्यू, सूर्य बुडाला की त्यांचा विसाव्याचा शब्बाथ सुरू; शनिवारी शेडला कुलूप.

"आमचे आजे घाण्यावर तेल काढायचे," काका म्हणाले होते. "शनिवारी बैल सोडायचे नि घाणा बंद. म्हणून गाव शनिवार-तेली म्हणायचं आमाला. आता घाणा नाय, बैल नाय. पण शुक्रवारी तेलात हात गेल्याशिवाय मला शब्बाथ आल्यासारखा वाटत नाय. फ्लोरा होती तवा ती आत दिवा लावायची नि हाक मारायची, हात धुवा आता."

फ्लोराकाकू जाऊन सहा वर्षं झाली होती. दिवा आता काका स्वतःच लावत.

तर त्या तिसऱ्या खेपेला काकांनी माझा पाना पुडीत परत ठेवला आणि म्हणाले, "शीरा येतेय पुढच्या महिन्यात. मला न्यायला."

शीरा त्यांची मुलगी. लग्न करून इस्रायलला गेली त्याला पंधरा वर्षं झाली.

"कायमचे?"

"एकाहत्तर चालू हाय. तात्पुरता कुठं जाणार?"

नजर आपोआप फळ्यावर गेली. काकांनी ती बघितली.

"भंगारवाला येऊन गेला. किलोवर मागतो."

"भंगारात? काका, मला द्या. तुम्ही म्हणाल ते देते."

"नाय."

इतकं ताडकन म्हणाले की मी दुखावलेच.

"का नाही?"

"तुमच्याकडं गंजतात. भंगारात गेलं तर वितळेल, त्याचं दुसरं कायतरी बनेल. पण गंजायला मी देणार नाय. का गंजतात ते शोधा. शोधलंत तर तुमचे."

परत येताना निडीच्या रेल्वे फाटकाशी थांबले होते तेव्हा मला कळलं की मला ते पाने हवेच आहेत. दुकानात मिळतात तसे नवे पाने मला नको होते. ज्यांना आठवड्याला एकदा कुणीतरी हातात घेऊन पुसलंय, ते हवे होते. आणि या माणसाने जाताना ते भंगारवाल्याच्या काट्यावर टाकावेत हे मला सहनच होईना.

घरी आल्यावर मी शास्त्रीय पद्धतीने कामाला लागले. आधी तेल बदललं. मग शाळेत नव्या उपकरणांच्या खोक्यांतून येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या जमवून मी पाने ठेवायचे त्या लाकडी पेटीत टाकल्या. मग वीस नवे खिळे घेतले. पाच तेल लावून पेटीत, पाच बिनतेलाचे पेटीत, पाच तेल लावून शेजारच्या फळीवर, पाच बिनतेलाचे फळीवर. वहीत तक्ता आखला. निमिष म्हणाले, "परीक्षक कोण येणार आहेत बाहेरून?"

पाचव्या दिवशी फळीवरचे तेल लावलेले खिळे नव्यासारखे होते, बिनतेलाचे किंचित मळलेले. पेटीतले दहाच्या दहा तांबडे.

म्हणजे दोष पेटीत होता. पण पेटीत कसला दोष? ती तर माझी शान होती. सासरच्या गडबच्या घराची वाटणी झाली तेव्हा कुणी फ्रिज घेतला, कुणी झोपाळा. मी माळ्यावरची फणसाच्या लाकडाची पेटी मागून घेतली होती. लाकूड पिवळंधमक, सांधे असे की कागद शिरणार नाही, आणि आख्ख्या पेटीत एकही खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते खाली वाकायला लावून दाखवत असे. मी ती साबणाने पुसली, तीन दिवस उन्हात ठेवली. पुन्हा दहा खिळे. पुन्हा तांबडे. शेवटी मी हात टेकले आणि काकांना फोन केला. "काका, पेटीतच काहीतरी आहे, पण काय ते कळत नाही."

"येतो," काका म्हणाले.

बुधवारच्या एसटीने आले. रामवाडीच्या थांब्यावरून मी त्यांना घेऊन आले. त्यांनी पाणी घेतलं नाही, बसले नाहीत, थेट पोर्चमध्ये पेटीपाशी उकिडवे बसले. झाकण उघडलं. आतल्या कोपऱ्यात तर्जनी दाबून फिरवली आणि लहान मुलासारखी तोंडात घातली.

"काका!"

"चाखा," ते म्हणाले.

मी चाखलं. खारट.

"यात काय ठेवायचे पूर्वी?"

मी निमिषकडे बघितलं. ते दारातच होते.

"मीठ," निमिष म्हणाले. "आजोबांचं गडबला मिठागर होतं ना. वर्षाचं घरचं मीठ यातच असायचं."

"हे तू मला आत्ता सांगतोस?" लोकांसमोर मी यजमानांना अहोजाहो करते. ते त्या दिवशी राहिलं.

"तू विचारलंस कधी? तू फक्त खिळा नाही, खिळा नाही म्हणून कौतुक करत होतीस."

काका हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. "बाई, एवढ्या मोठ्या पेटीला सुतारानं एक खिळा मारला नाय. का मारला नाय, हे तुमाला इचारावंसं नाय वाटलं?"

पन्नास वर्षांचं मीठ त्या लाकडाच्या रंध्रारंध्रांत मुरलं होतं. हवेतली ओल ते ओढून घेत होतं आणि माझ्या पान्यांना पाजत होतं. खिळा मारला असता तर पहिल्याच पावसाळ्यात मिठाने खाऊन टाकला असता. मिठामुळे गंजण्याचा वेग वाढतो, हे वाक्य मी दर वर्षी दोन तुकड्यांना लिहून देते. खाली दोन रेघा मारायला लावते. माझं तोंड इतकं उतरलं की निमिषनी न सांगता चहा टाकला.

"काका, म्हणजे मी नापास. शोधून तुम्ही काढलंत."

काकांनी माझी तक्त्याची वही उचलली. पानं उलटली. वीस खिळे, दहा खिळे, तारखा, शेरे.

"अर्धं तुमी काढलंत. पेटीत हाय म्हणालात, म्हणून मी आलो ना," ते म्हणाले. "माझ्याकडं एवढे शिकायला आले. गंजलं की घासायचे नि वापरायचे. खिळे मांडून बसलेलं कोण नाय बघितलं." मग उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "शुक्रवारी या. दुपारी. शाळा लवकर सोडा."

दोन शुक्रवार मी गेले. पहिल्या शुक्रवारी त्यांनी मला नुसतं बघायला लावलं. दुसऱ्या शुक्रवारी मी पुसलं आणि ते स्टुलावर बसले. तेल किती, फडकं कसं धरायचं, गोटीच्या आत बोट घालून कसं पुसायचं. "जास्त तेल लावू नका, धूळ बसते. माणसाच्या अंगाला लावतो तेवढंच." मधेच एक हातोडी हातात घेऊन म्हणायचे, "हिनं अमक्याच्या ट्रकचा एक्सल काढला," आणि परत ठेवायचे. मी पुसत राहिले. सूर्य कलला तसे ते हात धुवायला उठले आणि मीही उठले.

त्याच्या पुढच्या मंगळवारी टेम्पोतून पान्यांसकट हिरवा फळा आला. पोर्चच्या आतल्या भिंतीला, जिथे पावसाची झड येत नाही, तिथे निमिषनी आणि मी तो लावला. पेटी आता अंगणात आहे. तिच्यात निमिषनी झाडं लावायचा बेत केला होता, पण खारट लाकडात काय उगवणार, म्हणून नुसती बसायला ठेवली आहे.

रविवारी सकाळी मी पुढच्या चाकाचे ब्रेकपॅड बदलत होते. पहिल्यांदाच, एकटीने. ज्या आवाजाबद्दल विचारल्यावर मला कळणार नाही असं सांगितलं होतं, तोच पुन्हा येऊ लागला होता, आणि तो पॅड झिजल्याचा असतो हे आता मला कळत होतं. गाडी घोड्यांवर, चाक काढून बाजूला, जुने पॅड निघाले, नवे बसले, बोल्ट आवळून झाले होते. तेवढ्यात फाटकाशी एक मोठी गाडी थांबली. टपावर बॅगा. पुढच्या सीटवरून शीराने हात केला. मागचं दार उघडून सॅम्युएलकाका उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, नवे बूट. विमान संध्याकाळचं होतं.

"आत या ना, काका. चहा..."

"नको. पाच मिनिटं हायत."

"पप्पा, ट्रॅफिक लागेल हं पनवेलला," शीरा गाडीतून म्हणाली.

ते पोर्चमध्ये आले. भिंतीकडे बघितलं, सगळं जागेवर होतं. मग माझ्या उघड्या चाकापाशी वाकले आणि बघत राहिले. हात दोन्ही पाठीमागे बांधलेले. मला वाटलं आता चूक काढतील. खरंच सांगते, दहावीच्या तोंडी परीक्षेलाही मी एवढी घाबरले नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "तो चौदाचा रिंग पाना घेऊ का जरा?"

मला आधी समजलंच नाही ते काय विचारतायत. समजलं तेव्हा माझे डोळे भरून आले.

"विचारता काय, काका."

"इचारायला पायजे. तुमचे हायत."

ते थांबून राहिले. म्हणजे मी 'घ्या' म्हणेपर्यंत खरोखरच थांबून राहिले.

"घ्या," मी म्हणाले.

त्यांनी पाना काढला, पांढऱ्या बाहीची पर्वा न करता चाकात हात घातला आणि वरच्या बोल्टवर पाना चढवून दाबला. हलला नाही. खालच्या बोल्टवर चढवला. तोही हलला नाही.

"बसलाय," ते म्हणाले.

शीराने हॉर्न वाजवला, हळूच, एकदाच. काकांनी खिशातून धुतलेला पांढरा रुमाल काढला, पाना सगळीकडून पुसला आणि माझ्या हातात दिला. मग रुमालाची काळी बाजू आत येईल अशी चौकोनी घडी केली, खिशात ठेवली आणि गाडीकडे चालत गेले.