दोन शेपट्या

डॉक्टरीणबाईंनी आमच्या बबडीचं झबलं वर करून पाठ बघितली. पुरळ रात्रीपेक्षा उतरलं होतं, पण कानामागे अजून लालभडक.

"कुठला मासा खाल्ला होता?"

"मासा म्हणजे... मासाच," नवरा म्हणाला.

मला त्याला तिथेच चिमटा काढावासा वाटला.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. बांगडा-सुरमईच्या कुळातला मासा नीट बर्फात राहिला नसेल, तर तो खाल्ल्यानेही अंग असंच लाल होतं. ती ॲलर्जी नव्हे, बबडीला पुढे मासे चालतील. दुसऱ्या कुळातला असेल तर ॲलर्जी धरूनच चालायचं आणि तपासण्या होईपर्यंत मासा बंद. "ओळखून सांगा. संध्याकाळी फोन करा."

बबडी दूध ओकते, भोपळा थुंकते, केळं भिंतीला फासते. मासा दिसला की मात्र पाखराच्या पिल्लासारखं तोंड उघडते. जे काही थोडं वजन वाढलंय, ते माशावर.

घरी आल्या आल्या सासूबाईंना विचारलं, "आई, काल कुठला मासा आणलात?"

"ताजा."

"नाव काय त्याचं?"

"मासेवाली म्हणाली गोड आहे, मी घेतला. नाव विचारून काय बारसं करायचं होतं?"

"दिसायला कसा होता?"

"माशासारखा! डोळे वटारलेले, तोंड उघडं. तू आत्ता दिसतेयस ना, तसाच."

मी प्राणिशास्त्राची पदवीधर. कॉलेजात बरण्यांतले मासे ओळखून पास झाले. रंगावर जायचं नाही, रंग उतरतो. पाठीवर पर, म्हणजे पोहायचे पंख, किती, शेपूट कशी, खवलं कुठवर, अंगावरची रेघ कुठे संपते, हे बघायचं. पण आईंची साफ करायची रीत अशी, की पर मुळापासून कापायचे, खवलं नळाखाली घासायची, डोकं जिन्यातल्या मांजरीला, शेपूट कचऱ्यात. ज्याच्यावरून कूळ कळतं ते सगळं काढून टाकलं, की आमच्या घरात मासा साफ झाला!

मी कचऱ्याची बादली ओढली.

"अगं, शी! शिकलीस ती ह्यासाठी?"

"ह्यासाठीच, आई."

वर्तमानपत्राच्या पुडीत शेपटीचा तुकडा निघाला. खोल दुभंगलेली शेपूट, तिचा देठ काडीसारखा बारीक आणि कडक. देठाच्या वर-खाली करवतीच्या दातांसारखे सुटे, चिमुकले पर. एवढे आईंच्या कात्रीतून वाचले होते. बांगड्याचंच कूळ! आनंदाने मी बबडीची पापी घ्यायला गेले, तर तिने नाक मुरडलं. माझ्या हातांना वास सुटला होता.

फोन घ्यायला हात धुणार, तेवढ्यात पुडीच्या तळाला चिकटलेलं काहीतरी दिसलं. सोडवलं. आणखी एक शेपूट. ही दुभंगलेली नव्हती, टोकाला बोथट. अंगावरून आलेली रेघ देठाशी न थांबता थेट शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली. हे घोळ-ढोम्याचं, म्हणजे दुसरंच कूळ.

"आई, मासे दोन होते?"

"दोनच होते. तू विचारलंस कुठे?"

"आणि शिजवले एकाच पातेल्यात?"

"मग काय एकेकाला वेगळी चूल मांडू?"

"बबडीला कुठला भरवलात?"

"जो मऊ लागला तो. काटे काढून, कुस्करून." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तिला त्रास व्हावा म्हणून भरवलं का मी?"

"तसं म्हटलं का मी?" असं म्हणाले खरी, पण ओरडूनच. नवऱ्याने मध्ये तोंड घातलं, "एक तर बरोबर निघाला ना? तोच सांगून टाक."

"आणि दुसरा तिच्या पोटात गेला असला तर?"

मी डॉक्टरीणबाईंना दोन्ही सांगितले. त्या कौतुकाने म्हणाल्या, "छान ओळखलंत हो." आणि पुढे तेच, तपासण्या होईपर्यंत मासा बंद. तपासण्यांची तारीख पुढच्या महिन्यातली.

जेवताना आईंनी माझ्या पानात भात वाढला. मग म्हणाल्या, "मासे परत सुरू झाले की अख्खा मासा तुझ्यासमोर ठेवीन. तू बघ काय बघायचं ते, मग मी कात्री लावते."

"आणि एका वेळी एकच."

"बरं बाई, एकच."

बबडीने भोपळा-भाताचा घास जिभेने बाहेर ढकलला. मी तो हनुवटीवरून बोटाने निपटून परत तोंडाशी नेला. तिने ओठ घट्ट मिटले.