पांढरा चेंडू

मित्रांनो, मी एक जुने प्रतवारी यंत्र आहे. टोमॅटोच्या गोदामात उभे आहे. माझा धंदाच मारहाणीचा! पट्ट्यावरून टोमॅटो पळत येतात, काचेआडून माझा कॅमेरा त्यांना न्याहाळतो आणि एखादा डागाळलेला दिसला की माझा लोखंडी हात त्याला थाडकन उडवून नासक्या मालाच्या पिंपात टाकतो. दयामाया मला कुणी शिकवलीच नाही. "याला ना भाऊ, ना भावकी. हे कुणाची भीड ठेवणार नाही," असे म्हणून लोक माझे कौतुक करत. मीही फुशारून जाई.

मला चालवणाऱ्या मावशींचा एक नेम होता. प्रत्येक शेतकऱ्याचा माल सोडण्याआधी त्या माझी काच पुसत आणि माझ्यासमोरून एक पांढराशुभ्र चेंडू सोडत. चेंडू सुखरूप पलीकडे गेला, तर माझी नजर साफ. त्याला फटका बसला, तर काचेवर घाण आहे असे समजायचे. इतकी साधी गोष्ट!

एकदा दोन सख्खे भाऊ माल घेऊन आले. विहिरीच्या पाण्यावरून त्या दोघांमधून विस्तव जात नव्हता. थोरल्याचा माल आधी चढला आणि छान पार पडला. फक्त शेवटचा टोमॅटो अगदी गळायला आलेला होता. माझ्या फटक्यासरशी तो फुटला आणि त्याचा रस थेट माझ्या काचेवर उडाला. मावशी फडके घ्यायला वळल्या, तोच धाकटा खेकसला, "तुमचा चेंडू-बिंडू पुरे आता! माझा माल आला की बरा खेळ सुचतो!"

"अरे, पुसू दे की त्यांना," थोरला म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस. सोडा हो पट्टा!"

बाहेर गाड्यांचे भोंगे कोकलत होते. मावशींनी पट्टा सोडला.

मला प्रत्येक टोमॅटोवर डाग दिसू लागला. थाड! थाड! थाड! ताजा, टणक माल पिंपात फुटून पडू लागला. धाकट्याच्या डोळ्यांत रक्त उतरले. "दादा, यांना फितवलंस ना? माझं सगळं पीक मातीत घातलंस!"

त्याने भरलेला क्रेट मावशींच्या अंगावर भिरकावला. त्या भिंतीवर आदळल्या. मग कोपऱ्यातली पहार उचलून तो माझ्यावर धावला. पहिल्या घावात माझा पत्रा फाटला. दुसऱ्यात बटणांची पेटी फुटली, आता पट्टा कुणाला थांबवताही येईना. थोरला मध्ये पडला. तिसरा घाव त्याच्या तोंडावर बसला. डोळा दाबून तो खाली लाल चिखलात कोसळला. त्यात रस किती आणि रक्त किती, ते कळत नव्हते. धाकट्याने पहार पुन्हा उगारली.

मावशी भिंतीला धरून उठल्या. त्यांनी खिशातला पांढरा चेंडू काढला आणि चालत्या पट्ट्यावर ठेवला.

थाड! चेंडू पिंपात गेला.

धाकटा त्या पांढऱ्या चेंडूकडे बघतच राहिला. पहार त्याच्या हातून गळून पडली.

थोरल्याचा डोळा वाचला नाही. पोलिसांना तो म्हणाला, "पाय घसरून पडलो." मावशींनी मात्र घडले ते सांगितले आणि धाकटा शिक्षा भोगून आला. मला ठोकूनठाकून पुन्हा उभे केले. पूर्वीचे कौतुक मात्र संपले, आता लोक माझ्यापासून जरा लांबच उभे राहतात.

दोघे भाऊ हल्ली एकाच गाडीतून माल आणतात. धाकटा स्वतः माझी काच घासूनपुसून लख्ख करतो. उरलेल्या डोळ्याने दिसावे म्हणून थोरला पूर्ण मान वळवतो आणि विचारतो, "पुसलीस ना रे?"

"पुसली, दादा," धाकटा खाली बघून म्हणतो आणि चेंडू सोडतो.

मित्रांनो, माझ्यावर विश्वास जरूर ठेवा, पण हात उगारण्याआधी माझी काच पुसा. माझी काच फुटली तर नवी बसवता येते.