माझी मोडलेली तिसरी पिन

मी एक जुना कूलर आहे. लोखंडी पत्र्याचा, पोटात पाणी आणि तिन्ही बाजूंनी गवताच्या ताट्या घेऊन उभा राहणारा. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी आता भिंतीवर एसी असेल. तो वर बसून हवा टाकतो, त्याला कुणाचं काही घेणंदेणं नाही. माझं तसं नसतं. मला पाणी पाजावं लागतं. जवळ यावं लागतं, हात लावावा लागतो. ही गोष्ट त्या हात लावण्याचीच आहे आणि ती गोड नाही, हे आधीच सांगून टाकतो.

नागपुरातल्या एका कारखान्यात मला ठोकून ठोकून चौकोनी केलं. पंखा बसवला, पाणी वर खेचणारा पंप बसवला, आणि वायरच्या टोकाला तीन पिनांचा प्लग. त्यातल्या दोन पिना वीज आणतात-नेतात. वरची तिसरी, जाड पिन काहीच करताना दिसत नाही. पण माझ्या पत्र्यात चुकून वीज उतरलीच, तर ती माणसाच्या अंगात न शिरता सरळ जमिनीत जावी, याची राखण ती करते. मला तिचा फार अभिमान होता.

तिथून मी नागपूरला लागूनच असलेल्या वाडीला आलो, अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. गोडाऊनच्या कोपऱ्यातली पत्र्याच्या छताची खोली. होळी झाली की मला बाहेर काढत, अंग पुसत, नव्या ताट्या लावत. पहिला गार झोत आला की बाहेरचे ड्रायव्हरसुद्धा दारात येऊन उभे राहत. म्हणत, "वा रे पठ्ठे, जीव आला!" पावसाळा लागला की मात्र मी फाटक्या ताडपत्रीखाली. तिथे उंदीर राहतात. त्यांनी माझी वायर कधी कुरतडली, ते पाहायला कुणी आलं नाही.

ऑफिसचा एक नियम होता. पाणी भरायची पाळी असायची, आणि जो भरेल त्याच्या टेबलाकडे तासभर माझं तोंड राहायचं. मग ते खोलीच्या मधोमध वळवायचं. साधा, न्यायाचा नियम. तो मोडला दुर्गेशने.

दुर्गेश तिथला सगळ्यात जुना माणूस. कुठला ड्रायव्हर कुठे आहे, कुठल्या मंडईत कोण माल उतरवून घेतो, सगळं त्याच्या मोबाइलमध्ये आणि डोक्यात. तिथून बाहेर काही येत नसे. कुणी विचारलं तर म्हणे, "आमी काय इथं शाळा उघडून बसलो का?" पाणी त्याने कधी भरलं नाही. उलट मला चाकांवरून ओढत आपल्या टेबलाशी नेलं. वायर पुरेना, म्हणून एक लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड आणला. बोर्डाला दोनच भोकं. तर या माणसाने पक्कड घेतली आणि माझी तिसरी पिन मोडून कचऱ्यात टाकली. हिशेब पाहणारा अश्विन समोर बसून बघत होता. तो काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नसे, आणि मला सांगा, अशा गप्प बसणाऱ्यांच्या जोरावरच दुर्गेशसारखे पोसले जातात की नाही?

यंदा होळीनंतर गोपिका आली. काटोलची मुलगी, वाडीतच भाड्याच्या खोलीत राहते. मालकीण शोभाताईंनी तिला सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत काम बघीन, जमलं तर कायम करीन. गोपिकाला ती नोकरी हवी होती. आल्या दिवसापासून ती दुर्गेशला "भाऊ" म्हणत होती आणि तो तिला माशी हाकलल्यासारखा हाकलत होता.

एकदा नरखेडहून संत्र्याचा ट्रक आला. मागच्या गेटला लावायचा होता. ड्रायव्हरने फोन केला तो दुर्गेशला. गोपिका पुढच्या गेटला वाट बघत उभी.

"भाऊ, नरखेडची गाडी कुठं पोचली? काही फोन आला का?"

"मले काहून विचारून राहिली? डोळे हायेत ना तुले? पाय हायेत ना?"

गाडी मागे उन्हात उभी राहिली आणि संत्री गरम होत गेली. व्यापाऱ्याने शोभाताईंना फोनवर वाट्टेल ते सुनावलं, शोभाताईंनी गोपिकाला. "असंच चालू राहिलं तं मले विचार करावा लागन, बाई." गोपिका खाली मान घालून ऐकत राहिली. दुर्गेश माझ्या गार हवेत बसून बडीशेप चघळत होता.

आता पुढचं नीट ऐका, मित्रांनो.

एका संध्याकाळी दुर्गेशने हात धुतले आणि ओल्या हाताने माझं बटन फिरवायला आला. कुरतडलेली वायर तोवर माझ्या पत्र्याला टेकली होती. वीज माझ्या सगळ्या अंगात पसरलेली, आणि तिला जमिनीत नेणारी पिन कचऱ्यात गेलेली. त्याला झटका बसला. हात मागे फेकला गेला, खुर्ची सरकली. पायात जाड रबरी तळाचे बूट होते म्हणून वाचला. खोलीत देव मांडलेले, म्हणून बाकी सगळे चपला दाराबाहेर काढत. याला ते लागू नव्हतं.

अश्विनने मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. दुर्गेशने बोटं चोळली. मला वाटलं, आता तरी सांगेल. पण सांगितलं असतं तर मला दुरुस्तीला नेलं असतं आणि त्याला घाम गाळत बसावं लागलं असतं. त्याने फक्त एक लाकडी स्केल आणून टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाळी गोपिकाची होती.

सकाळी माझ्यात पाणी शिल्लक होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर ते संपलं. बाहेरच्या नळावरून बादली भरून ती आत आली. पाय अनवाणी, कोपरापर्यंत हात ओले, आणि बादलीतून सांडलेल्या पाण्याची रेघ तिच्या मागे फरशीवर.

"भाऊ, जरा बटन बंद करा ना. पाणी भरते."

"बंद-बिंद काही नाही. घामानं जीव चाल्ला माहा. चालूच राहू दे, सगळे असेच भरतात."

ती थबकली. संत्र्याचा ट्रक तिला आठवला असावा. तिने बादली खाली ठेवली आणि माझं झाकण उघडायला हात पुढे केला.

मी ओरडलो. जिवाच्या आकांताने ओरडलो. पण माझं ओरडणं म्हणजे पंख्याची घरघर, ती तर रोजचीच. तिचा ओला हात जवळ येत होता आणि माझ्या अंगभर मरण भरलेलं होतं. ज्या दोघांना ते ठाऊक होतं, त्यातला अश्विन वहीत मान घालून होता आणि दुर्गेश मोबाइल बघत होता.

तेवढ्यात त्याला हवा कमी वाटली. मोबाइलवरची नजर न हलवता त्याने स्केल उचलली आणि तिच्या टोकाने माझं बटन फिरवलं.

गोपिकाचा हात हवेतच थांबला.

"भाऊ, स्केलनं काहून फिरवलं?"

"माही मर्जी."

"सकाळीबी स्केलनंच फिरवलं होतं. हात काहून नाही लावला?"

"तुले काय करायचं हाये? जास्त शहाणपणा करशीन तं ताईले सांगतो, हे पोरगी काम ऐकत नाही म्हणून. मंग जाजो काटोलले परत."

तिचा चेहरा उतरला. एक पाऊल मागे आली. पण मग तिने ओले हात ओढणीला पुसले आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"सांगा. पण आधी तुमी एक बोट लावा याले. मंग मी भरते."

"अश्विन, पाहून राहिला का? महाराणी आल्या!"

"लावा ना भाऊ. एकच बोट."

दुर्गेश हसला. बोट काही पुढे आलं नाही. मग अश्विनच्या खुर्चीकडून आवाज आला, इतका बारीक की मलाच आधी खरं वाटेना.

"हात नको लावू, गोपिका. काल याले झटका बसला. मी पाह्यलं."

शोभाताई केबिनच्या दारात उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक.

"दुर्गेश, झटका बसला तुले?"

"थोडासाच, ताई. गुदगुल्या झाल्यावानी."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"कोणी विचारलं नाही."

मित्रांनो, मी आयुष्यभर गार हवा दिली. पण त्या तीन शब्दांनी खोली जशी गार पडली, तशी मला कधी पाडता आली नाही.

"असं का?" शोभाताई म्हणाल्या. "गुदगुल्याच हायेत ना? काढ बूट अन् ठेव याच्यावर हात."

तो हलला नाही. ताईंनीच पुढे होऊन भिंतीवरचं बटन बंद केलं. माझा पंखा हळूहळू थांबला. ताईंनी बोलावलेला इलेक्ट्रिशियन आला, त्याने बटन पुन्हा लावून माझ्या अंगाला टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा भक्कन लागला. त्याने ओल्या फरशीकडे पाहिलं, गोपिकाच्या पायांकडे पाहिलं आणि नुसतं म्हणाला, "बाप्पा!" गोपिका तिथेच बादलीशेजारी खाली बसली.

तुम्हाला वाटेल, दुर्गेशला हाकललं. नाही हाकललं. जुन्या माणसांना असं कुणी हाकलत नाही, आणि मला याचा अजून राग आहे. पण ड्रायव्हरांचे नंबर आता भिंतीवरच्या फळ्यावर आहेत, सगळ्यांना दिसतील असे. अश्विनचं तोंड उघडलं ते उघडलंच. संत्र्याच्या गाडीचा फोन कुणाला आला होता, तेही त्याने त्याच दिवशी सांगून टाकलं. गोपिका कायम झाली. मला नवी वायर मिळाली, तिसरी पिन मिळाली, आणि मी पुन्हा खोलीच्या मधोमध आलो.

दुरुस्तीनंतर पहिली पाळी दुर्गेशची लावली. बूट दाराबाहेर काढून, अनवाणी, तो बादली घेऊन आला. माझ्या जवळ पोचला आणि त्याचा हात अडकला. पुढे होईना. प्लगचा बोर्ड आता गोपिकाच्या टेबलामागे होता. त्याला तो दिसत नव्हता.

"गोपिका," तो हळूच म्हणाला, "प्लग काढला का वं?"

तिला गप्प बसता आलं असतं. नुसतं गप्प, जसा तो बसला होता.

"हव भाऊ, काढला," ती लगेच म्हणाली. प्लग उचलून दाखवला. "भरा तुमी."

मित्रांनो, मला पाणी पाजण्याआधी माझा प्लग काढा. माझी तिसरी पिन मोडू नका. पावसाळ्यात मला उंदरांच्या हवाली करू नका. आणि तुम्हाला कशाचा झटका बसला असेल, तर तो मागून येणाऱ्याला सांगा. त्याने विचारायची वाट पाहू नका.