म्हातारीची हाक

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. नाकं मुरडू नका मित्रांनो, मीही कधीकाळी आरशासारखा चकचकीत होतो.

मला बाईंनी घेतलं. बाई कॉलेजात साहित्य शिकवायच्या. आफ्रिकेतली माणसं गोऱ्यांनी गुलाम म्हणून जहाजांत गुरांसारखी कोंबून कॅरिबियन बेटांवर नेली. त्यांच्या लेकरा-पतवंडांनी काय लिहिलं, काय सांगितलं, यातच बाईंनी जन्म घालवला. मला गळ्यात अडकवून त्या बेटांवर हिंडल्या. तिथं एका आंधळ्या म्हातारीनं गोष्ट सांगितली. तिची रीत न्यारी. मध्येच थांबायची आणि तिच्या बोलीत विचारायची, "जागे आहात का?" ऐकणाऱ्यानं "जागे आहोत!" म्हटलं तरच गोष्ट पुढे. जहाजाच्या तळात, अंधारात, तिची माणसं एकमेकांना असंच विचारत, म्हणे. ज्याचं उत्तर आलं नाही, तो गेला. बाईंनी खणखणीत उत्तर दिलं. तेही माझ्या कॅसेटवर उतरलं.

मग बाई मला वर्गात लावू लागल्या. म्हातारीची हाक आली की अख्खा वर्ग गरजायचा. माझी छाती फुगायची. शेजारचे प्राध्यापक मात्र खवचट. "गोष्टी काय, आमची आजीपण सांगायची. त्यात संशोधन कसलं?"

"मग सांगा की त्यातली एक!" बाई म्हणाल्या. गृहस्थांना एकदम आपला तास आठवला.

पण दिवस फिरले. पोरं येईनाशी झाली. एका वर्षी हाक आली, तेव्हा उत्तर द्यायला माझ्यातल्या बाई आणि माझ्यासमोरच्या बाई, दोघीच. बाक रिकामे. विषय बंद झाला. बाईंनी मला छातीशी धरून घरी आणलं.

पुढे बाईंना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. सून वाईट नव्हती, पण कामानं पिचलेली. "आई, हा डबा भंगारात देऊ का हो?" बाईंनी चालत्या हातानं मला आवळून धरलं.

"बरं, बरं! लावते, ऐका."

म्हातारी बोलू लागली. बाईंचे ओठ हलले, आवाज फुटेना. डोळे तेवढे वाहत होते. मग ओठही थांबले. सुनेच्या हातातलं भांडं पडलं.

"आई? अहो आई, जाग्या आहात का?"

तेवढ्यात म्हातारीनंही तेच विचारलं. आणि उत्तर आलं, तरुण, खणखणीत, "जागे आहोत!" पण ते माझ्यातून. सुनेनं बंदचं बटण दाबलं.

तेव्हापासून मी माळ्यावर आहे. कॅसेट पोटात तशीच. कॅसेट फिरवणारा आतला पट्टा सैल झालाय, गोष्ट अर्धी राहिलीय. मित्रांनो, कधी वर चढलात तर माझी धूळ पुसा, पट्टा बदला, बटण दाबा. आणि म्हातारीनं विचारलं तर घुम्यासारखे बसू नका.