साल १९०० नंतरचा खड्डा

परवाना नऊ आठवड्यांनी आला. रस्त्याच्या कामावरची पुरातत्त्वज्ञ म्हणून अर्ज मीच लिहिला होता.

रस्ता रुंद करायचा होता आणि त्यात पुकेरावची टेकडी अर्धी जाणार होती. टेकडीवर आमच्या पूर्वजांच्या रताळ्यांच्या वाफ्यांचे दगडी बांध होते. कायदा सरळ आहे. साल १९००च्या आधीचं, माणसाच्या हातचं काहीही सरकारी परवान्याशिवाय हलवता येत नाही. त्यानंतरचं असेल तर परवाना लागत नाही.

अर्जाला तिथल्या माओरी घराण्याचं म्हणणं जोडावं लागतं. घराणं माझंच, म्हणून मी रिपेका आत्याला टेकडीवर नेलं. तेव्हा ती सत्त्याहत्तर वर्षांची होती.

"ही चाळणी कशाला? पिठातले किडे काढतेस?"

"कोळशाचे कण शोधते, आत्या. त्यावरून वय कळतं."

"माझं विचार की. चाळल्याशिवाय सांगते."

मी डबा उघडून तिच्यापुढे पाव धरला. तिने मान हलवली. "इथं नको." चहाही घेतला नाही. पोट बरं नसेल, असं मला वाटलं.

मग मी अर्जातला प्रश्न अर्जात होता तसाच विचारला. "इथं १९००च्या आधीचं काही असल्याचं तुला माहीत आहे?"

तिने दक्षिणेच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "आधीचं? बांध. आणखी काही नाही." मग म्हणाली, "त्या कोपऱ्याला हात लावला नाहीत तर बरं."

"का?"

"मला बरं वाटेल म्हणून."

त्या रकान्यात मी लिहिलं: 'ज्येष्ठ सदस्याची सर्वसाधारण नाराजी. विशिष्ट कारण सांगितलेलं नाही.'

उतरताना फाटकापाशी आत्याने पिशवीतून पाण्याची बाटली काढली. "घाल गं हातावर." मी घातलं. तिच्या हातांना माती नव्हती. सगळा वेळ ते कोटाच्या खिशात होते. माझं अशा गोष्टींकडे लक्ष असतं, तसं तेव्हाही होतं.

"आणि तू?"

"मी घरी जाऊन साबणाने धुते."

तिने बाटलीचं झाकण लावलं आणि गाडीत जाऊन बसली.

परवान्याच्या अटीप्रमाणे खोदकाम चालू असताना मला तिथं उभं राहावं लागे. यंत्रावर माझा चुलतभाऊ होहेपा होता. बांधांची माती आम्ही अकरा दिवस हाताने, खुरप्याने काढली. बाराव्या दिवशी दक्षिणेचा कोपरा आला. तिथं गवतात समुद्राकाठचे पांढरे गुळगुळीत गोटे होते. काही वर, काही मातीत रुतलेले. एकूण अठ्ठावन्न. त्यांच्याखाली साठ सेंटिमीटर लांब, पस्तीस रुंद असा खड्डा. आतली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा काळसर, आणि तिच्यात एका काचेच्या बाटलीची मान. साच्याची रेघ थेट बाटलीच्या ओठापर्यंत गेलेली. म्हणजे यंत्रावर केलेली बाटली, विसाव्या शतकातली.

"थांबू का, प्रोफेसरीणबाई?" होहेपाने वरून विचारलं.

मी सवयीप्रमाणे मूठभर माती पिशवीत भरली, काच दुसऱ्या पिशवीत टाकली आणि दोन्हींवर लिहिलं: 'आधुनिक. महत्त्व नाही.'

"नको. याला परवाना लागत नाही. काढ."

दोन मिनिटांचं काम होतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी आत्या कुणाच्या तरी गाडीतून आली. कोपरा होता तिथं उतार झाला होता. ती फाटकातच थांबली.

"गोट्यांखालचं कुठं टाकलंत?"

"रस्त्याच्या नव्या पुलाच्या भरावात. का?"

"माझा मुलगा होता तिथं."

होहेपाने यंत्र बंद केलं.

तिने उभ्या उभ्याच सांगितलं. साल एकावन्न. मूल जन्मतःच गेलेलं. बाप्तिस्मा झाला नव्हता, म्हणून धर्मगुरूंनी दफनभूमीत जागा दिली नाही. पहाटे नवऱ्याने टेकडीवर नेलं. दूध पाजायची बाटली आधीच आणून ठेवली होती, तीही सोबत दिली. "दर वर्षी एक गोटा ठेवत आले."

"अठ्ठावन्न," मी म्हणाले. मी मोजले होते.

"आत्या, मी तुला विचारलं होतं."

"तू आधीचं विचारलंस. तो नंतरचा." तिचा आवाज चढला नाही. "त्याचं नाव मी त्याच्या बापापाशीही कधी काढलं नाही. तुझ्या कागदावर कसं देऊ? पण पाणी तूच घातलंस ना माझ्या हातावर? कुठून निघताना घेतो आपण पाणी?"

आमच्यातल्या पाच वर्षांच्या पोराला हे माहीत असतं. मेलेल्यांच्या जागी खायचं नाही, आणि तिथून निघताना हातावर पाणी घ्यायचं.

आम्ही पुलावर गेलो. भरावावर रूळ फिरून झाला होता. कोपरा काढला त्या दिवशीच्या ट्रकच्या एकवीस खेपांपैकी ती कोणती, कोणालाच सांगता येईना.

"हाडं सापडतील?" आत्याने मला विचारलं. "तुझं शास्त्र काय म्हणतं?"

आमची माती आम्लधर्मी आहे. इतक्या लहान हाडांचं तिच्यात साठ वर्षांनी काही उरत नाही. मी तिला तसंच सांगितलं.

"मग तू काय पाहिलंस?"

"मातीचा रंग, आत्या."

तिने मान हलवली.

दोन्ही पिशव्या माझ्या कपाटात होत्या. वस्तू जुन्या असत्या तर त्या परत द्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा आठवडे. या कोणाच्याच नव्हत्या. मी त्या तिला दिल्या. रविवारी दफनभूमीत, तिच्या नवऱ्याच्या थडग्याच्या पायाशी, होहेपाने हातभर खड्डा खणला. त्यात माती आणि काच ठेवली. आत्या वाकून काहीतरी बोलली. कदाचित नाव असेल. मला ऐकू आलं नाही. फाटकापाशी आम्ही तिघांनी हात धुतले.

परतताना नवा पूल ओलांडला तेव्हा ती म्हणाली, "थांबव."

मी गाडी कडेला घेतली. आत्या उतरली, बाटली माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात पुढे केले.

"आत्ताच तर धुतले."

"तिथं मूठभर ठेवला. बाकीचा इथं आहे."

मी पाणी घातलं. मग बाटली तिच्याकडे दिली आणि माझे हात पुढे केले. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

माझा अहवाल मंजूर झाला. त्यात खड्ड्याची नोंद एका ओळीत आहे, आणि ती बदलायची तर त्यासाठी रकाना नाही. आत्या तीन वर्षांनी गेली. मी त्या पुलावरून आठवड्यातून दोनदा तरी जाते. पाण्याची बाटली गाडीतच असते.