श्रद्धांजलीचे फ्लेक्स कोनी नेत नाई

वडस्यात फ्लेक्स छापाचं दुकान टाकलो, तेव्हा प्रत्येक फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात मी मोठ्या हौसेनं छापत होतो: गुणवंत डिजिटल, रेल्वे फाटकाजवळ. लोकं वाचतील, धंदा वाढेल. वाढला बी. पन आता नगरपालिकेचे लोकं चौकातला जुना फ्लेक्स उतरवतात, कोपरा वाचतात आनि माह्याच दारात आनून टाकतात. तुमचं नाव आहे, माल तुमचा, तुम्हीच विल्हेवाट लावा. तसा नियम आला म्हने.

आता मले सांगा, वाढदिवस नेत्याचा, हौस कार्यकर्त्याची, अन् कचरा तेवढा माह्या बापाचा?

आधी बरं होतं. घंटागाडी यायची, चहा पाजला की सारं घेऊन जायची. मंग गावाबाहेरचा कचरा डेपो भरला, डोंगर झाला त्याचा. तवापासून दुकानदारांचा कचरा वजनावर घेनं सुरू झालं. त्याचा भाव दिवाळीले वाढला, होळीले पुन्हा वाढला. नागपूरच्या प्लास्टिकवाल्याले फोन केलो, तर तो म्हने छापील फ्लेक्स आमच्या मशिनीत चालत नाई. घुग्घुसकडे सिमेंटच्या भट्टीत जाळतात असं समजलं, पन ट्रकभर माल पाहिजे, अन् भाडं आपल्याच बोकांडी. कचरा टाकाले बी ऐपत लागते, हे मले या वयात समजलं.

नाटकाच्या फ्लेक्सची चिंता नव्हती. हिवाळाभर नाटक कंपन्या छापून घेतात, अन् प्रयोग झाला की लोकं मागून नेतात, कापलेल्या धानाच्या ढिगावर, पुंजण्यावर झाकतात. माह्या शेजारच्या पत्रूच्या गोठ्यावर तीन वर्षांपासून एक हिरोईन रडून राह्यली आहे. खाली म्हैस मजेत आहे.

पन श्रद्धांजलीचे फ्लेक्स कोनी नेत नाई. फुकट दिले तरी नाई. पत्रूले म्हनलो, "उलटा टाक ना, पांढरी बाजू वर."

"नोको भाऊ," तो म्हने. "मंग तो मानूस रातभर खाली तोंड करून माह्या धानाकडे पाहत राहीन."

असे करता करता मागच्या खोलीत मेलेले मानसं छताले भिडले. मंग पालिकेची नोटीस आली. सोमवारपर्यंत खोली रिकामी नाई झाली तर दुकानाले सील. माह्या घरची चूल या दुकानावर, दोन पोरींची कॉलेजं या दुकानावर. झोप उडाली माही. शेवटी ब्रह्मपुरीच्या अन् मूलच्या फ्लेक्सवाल्यांच्या हातापाया पडलो. तिघांत मिळून घुग्घुसले जानारा एक ट्रक ठरला, रविवारचा.

त्या ढिगात सगळ्यात समोर, भिंतीले टेकवून, भूपेश उभा होता. इंदिराबाईचा पोरगा.

इंदिराबाई तलावाकाठच्या ढिवर वस्तीतली, बाजारात मासोळ्या विकते. भूपेश घुग्घुसले कामाले लागला होता. मागच्या उन्हाळ्यात रातपाळी करून आला, रूमवर झोपला, तो उठलाच नाई. दोस्तांनी चौकात त्याचा मोठा फ्लेक्स लावला. पालिकेनं उतरवून माह्याकडे टाकला. तवापासून बाई दर बाजाराच्या दिवशी टोपली बाहेर ठेवून आत यायची, उगी उभी राहून त्याच्याकडे पाहायची अन् निघून जायची.

मी एकदा म्हनलो, "घरी घेऊन जा ना, बाई."

"कुठी लावू भाऊ? घर त्याच्या खांद्याएवढं बी नाई."

मंग मी लहान फोटो छापून, फ्रेम करून दिलो. तो तिनं भिंतीले लावला. तरी यायची. म्हने, "तिथी तो लहानसा दिसते. इथी मान वर करून पाहा लागते. तो होताच ना तसा उंच."

तिचं आयकून मी मशीन सुरू करून देत होतो.

रविवारी ट्रक लागला. हमालानं अन् मी मिळून अर्धा माल भरला होता, तेवढ्यात बाई आली. रविवार बाजाराचा दिवस आहे, हे गडबडीत माह्या ध्यानातच नाई राह्यलं.

"कुठी नेऊन राह्यले या साऱ्यायले?"

खोटं सांगावं वाटलं. पन तोंडातून निघून गेलं, "घुग्घुसले."

"काऊन?"

"भट्टीत जाळतात, बाई. दुसरं कोनी घेतच नाई."

ती पायरीवर बसली. लय वेळ पदराचं टोक बोटाले गुंडाळत राह्यली. मले राहवलं नाई. म्हनलो, "भूपेशले मी ठेवतो. माह्या घरी नेतो." म्हनलो खरा, पन त्याच वेळी मनात आलं, की त्याले दारात पाहून बायको काय म्हनेल. मले माहीच लाज वाटली.

बाईनं माह्याकडे पाहिलं. तिले सारं समजलं असावं.

"नोको भाऊ. तुमच्या घरी पोरी आहेत. एक डाव जाळलाच आहे त्याले, आता अजून एक डाव." मंग उठली, फ्लेक्सजवळ गेली, पदरानं त्याच्या तोंडावरची धूळ पुसली. "पन वरती ठेवजा. त्याले गाडी लागत जाय. घुग्घुसले जाताना दर वेळी खिडकीपाशी बसे."

मी त्याची घडी नाई केलो. बाकीचा माल आधी भरला, अन् त्याले सगळ्यात वरती पसरवला, तोंड आभाळाकडे. चारी कोपरे दोरीनं बांधले. एका कोपऱ्यात माह्यं नाव होतं.

"वरतीच आहे, बाई," मी म्हनलो.

ट्रक फाटक ओलांडून दिसेनासा होयेस्तोवर ती पाहत राह्यली. मंग टोपली डोक्यावर घेतली. म्हने, "आता हवा लागन त्याले."

ब्रह्मपुरीले अन् मूलले अजून दोन दुकानांचा माल चढनार होता. त्याच्याच वरती. हे मी तिले सांगतलो नाई.