मैनाच्या पायाची सूज

अवसरीच्या गोरखला कुणावर विश्वास टाकणं जमतच नसे. चहात साखर कमी लागली, तर बायको विसरली असेल असं त्याला वाटायचं नाही. कुणीतरी लांबवली, एवढंच वाटायचं. असल्या माणसाची घोडी लंगडी झाली, मग काय विचारता!

मैना म्हणजे त्याचा जीव की प्राण. बैलगाड्यांच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बैलांपुढं घोडी पळते आणि तिच्यामागं बैल जीव तोडून सुटतात. मैनामागं सुटलेल्या बैलांचं नाव तर सगळ्या आंबेगाव तालुक्यात होतं. माघातल्या यात्रेत तिच्या पुढच्या डाव्या पायाची शीर ताणली. मंचरच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि बजावलं, "हिला उड्या मारू देऊ नका. शीर तुटली, तर घाट कायमचा विसरा."

पण मैनाच्या अंगात वारं भरलेलं. तिला सांभाळायचं काम दत्ताकडं होतं. दत्ता तिचा स्वार, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्यानं कांदे साठवायच्या बराखीमागच्या छपरात आडवे बांबू लावून तिची जागा आवळली, सोबतीला एक शेळी बांधली आणि हरभरा निम्म्यावर आणला.

"खुराक पोटात ग्येला की पाय शिवशिवत्यात, भाऊ. जरा उपाशीच बरी हाय ती."

मैना खरंच निवळली. पायाची सूज मात्र उतरेना. सकाळी बरा दिसायचा आणि संध्याकाळी पट्टीवर टम्म फुगलेला.

गोरखच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मधल्या वेळात घोडीला कुणीतरी पळवतंय. दुसरं कोण असणार? लोणीच्या गाडामालकांचा मैनावर केव्हापासून डोळा होता, त्यांनीच दत्ताला फितवलं असणार. आणि उरलेला निम्मा हरभरा जातो कुठं?

दुपारी दत्ता जेवायला घरी गेला, की गोरख रोजच बराखीपुढं बाज टाकून लवंडायचा, आता तो तिथंच पहाऱ्याला बसू लागला. मोबाइलवर कुठल्या ना कुठल्या घाटातल्या शर्यती आधीसारख्याच मोठ्या आवाजात लावायच्या आणि डोळा वाटेवर ठेवायचा. वाटेनं कुणी आलं नाही. दुसरा असता तर त्याची शंका फिटली असती. याची वाढली. बेटा मागच्या उसातून येत असणार!

शेवटी एका सकाळी भर चौकात, चार माणसांसमोर त्यानं दत्ताला गाठलं.

"हरभरा बी खातूस आन घोडी बी पळवतूस? चोर न्हाई तर काय म्हनायचं तुला?"

दत्ताचा चेहरा उतरला. तो घरी निघून गेला.

त्या दुपारी मैनाला बघायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून गोरखनं बाज बराखीमागं, तिच्या समोरच टाकली. सवयीनं मोबाइल लावला. गाडा सुटला आणि निवेदक ओरडला, "झाली रे झाली, भिर्रर्र!"

मैनाचे कान ताठ झाले. तिनं छाती बांबूवर आदळली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि दुखऱ्या पायावर धाडकन आली. शेळी कोपऱ्यात दडली. गोरखनं झटकन मोबाइल बंद केला. मैना तोंडाला फेस आणून उभी होती, डावा पाय अधांतरी. इतके दिवस ती भिंतीपलीकडून हाच आवाज ऐकत होती आणि आपला घाट सुरू झाला समजून धावायला बघत होती. गोरखला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो तसाच दत्ताच्या दारात गेला. "दत्ता, चूक माजी हाय. माज्या मोबाइलनं घात क्येला."

सगळं ऐकून दत्तानं एवढंच विचारलं, "पाय टेकती का?"

"न्हाई रं."

दत्ता लगोलग निघाला. पायावर गार पाण्याची धार धरून बसला, नवी पट्टी बांधली, मानेवरून हात फिरवत राहिला. दिवस मावळेपर्यंत मैनानं हळूच खूर टेकला. गोरखचे डोळे भरून आले.

घरी निघताना दत्ता त्याच्यासमोर येऊन थांबला. विजारीचे दोन्ही खिसे त्यानं उलटे करून बाहेर काढले.

"बघून घ्या, मालक."

"आरं, लाज काढतूस का माजी?"

दत्तानं खिसे आत घातले आणि वाटेला लागला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही त्यानं तेच केलं. वैशाखात मैना पुन्हा घाटात पळाली, गुलालात न्हाली. त्या दिवशीही घरी जाताना दत्तानं खिसे उलटे करून दाखवले आणि गोरखला नको म्हणायला तोंड नव्हतं.